एकोणिसावा अर्ज

"माझ्यावर खोटं बोलल्याचा आळ आलाय," मास्तर म्हणाले, "आणि पुरावा म्हणाल तर माझीच सही."

भाऊजींचं बिस्किट चहात पडलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते. दहाच्या आत या घरात गुन्ह्याचं नाव काढायचं नाही, असा भाऊजींचा एक साधा नियम होता. तो आजवर कोणीही पाळला नव्हता.

घर दुमजली. वर भाऊजींचं बिऱ्हाड, खाली वहिनींचं ऑफिस. खासगी तपासाचं हे काम भाऊजींच्या थोरल्या भावानं सुरू केलं होतं. तो गेल्यावर सगळ्यांना वाटलं, आता वहिनी पाटी उतरवतील. वहिनींनी पाटी उतरवली, पुसली आणि परत लावली. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी कोर्टाच्या दप्तरखान्यात कागद लावण्यात घालवली होती. विमा कंपनीतून निवृत्त झालेले भाऊजी त्यांच्या मदतीला असत. मदत म्हणजे दारं ठोठावायची, टिपणं घ्यायची आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. हे तिन्ही ते अगदी मनापासून करत.

मास्तर सत्तरीचे होते. कोटाची सगळी बटणं लावलेली, डाव्या खिशाच्या कडेला पांढरट डाग. शेजारी नर्सच्या गणवेशात चाळिशीची एक बाई बसली होती. सगळा वॉर्ड तिला सिस्टर म्हणे.

"मी सांगते," सिस्टर म्हणाली. "हे सांगायला लागले की पहिलीच्या वर्गापासून सुरुवात करतात."

पुढच्या महिन्यात वॉर्डाची निवडणूक होती. वर्षानुवर्षं निवडून येणाऱ्या अध्यक्षांच्या विरोधात सिस्टर उभी राहणार होती. उमेदवाराचं नाव वॉर्डाच्या मतदारयादीत असायलाच हवं, असा कायदा. यादी मात्र पार कुजलेली. मेलेले, गाव सोडून गेलेले, सगळे त्यात सुखानं नांदत होते. कोणत्याही नावावर कोणताही नागरिक हरकत घेऊ शकतो, हे मास्तरांच्या वाचनात आलं आणि त्यांनी कंबर कसली. चारशे घरं पायी फिरले. एकतीस नावं खोटी निघाली. एकतीस हरकत अर्ज टाइप करून घेतले, सह्या केल्या, कचेरीत दिले. मग नोटिसा निघाल्या आणि त्यातली एक सिस्टरच्या दारात आली. 'आपण या पत्त्यावर राहत नाही, अशी हरकत आहे.' हरकत घेणारे, मास्तर.

"मी यांच्या हातच्या छड्या खाल्ल्यात," सिस्टर म्हणाली, "आणि त्याही खोटं बोलल्याबद्दल. हा माणूस खोटं लिहील? माझ्या डोळ्यांनी बघितलं तरी मी म्हणेन डोळे तपासा."

"सही माझीच आहे," मास्तर म्हणाले. "खोटी असती तर सुटलो असतो. उद्या अकराला सुनावणी आहे. हरकत माझी म्हणालो तर हिचं नाव कटेल. आठवड्यातले चार दिवस ही इस्पितळाच्या क्वार्टरवर झोपते, तेवढं निमित्त पुरेल. माझी नाही म्हणालो, तर खोट्या प्रतिज्ञेवर सही केल्याचा खटला माझ्यावर, आणि उरलेल्या तीस खऱ्या हरकतीही केराच्या टोपलीत. अधिकारीबाई म्हणाल्या, काय ते एक ठरवून या."

त्यांचा आवाज स्थिर होता. गुडघ्यावरचा हात तेवढा थरथरत होता आणि सिस्टर तिकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती.

"किती अर्जांवर सह्या केल्यात?" वहिनींनी विचारलं.

"एकतीस."

"वाचून?"

"शब्द न् शब्द. टिपणावर पेन्सिलनं खूण करत करत. हिचं नाव त्यात नव्हतं."

"आणि कचेरीत किती पोचले?"

"एकतीस. शिक्क्याची पावती आहे."

वहिनींनी पावती हातात घेऊन पाहिली. "म्हणजे एक कमी आहे," त्या म्हणाल्या.

"अहो वहिनी, एकतीस दिले, एकतीस पोचले. कमी कुठून?"

"भाऊजी, तुमचं बिस्किट विरघळलं." वहिनी मास्तरांकडे वळल्या. "नावं कशात लिहून ठेवली होती?"

"निळ्या वहीत. ती पण गेली. अर्जांच्या गठ्ठ्याबरोबर पिशवीत होती, असं मी धरून चाललो. कचेरीच्या खिडकीत पिशवी दिली, त्यांनी गठ्ठा काढून घेतला. घरी येऊन बघतो तर वही नाही."

"सगळी नावं आठवतील?"

"दहा-बारा आठवतील. चारशे घरं हिंडलो हो!"

"अर्जांच्या प्रती काढल्या असतीलच."

मास्तरांनी पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढला. मान खाली गेली होती. "तिथंच तर मार खाल्ला. माझ्या घरातल्या प्रतींतसुद्धा हिचा अर्ज आहे. अधिकारीबाई म्हणतात, याच्यावर आणखी काय पुरावा द्यायचा?"

हे ऐकून कोणाचाही धीर खचला असता. वहिनींचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी गठ्ठा चाळला. सिस्टरचा अर्ज एकोणिसावा होता.

"हे वहीच्या क्रमानंच लावलेत?"

"मी दुसऱ्या कुठल्या क्रमानं लावणार?" मास्तरांना प्रश्नच कळला नाही.

"बरोबर. आता एक सांगा. शाळा सोडून तुम्हाला दहा वर्षं झाली. मग खिशात खडू कशाला?"

मास्तरांनी खिशाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच किंचित हसले. "तीनदा जनगणनेची ड्युटी केलीय. सवय. दाराच्या चौकटीला, खाली बिजागरीजवळ खूण करायची. माणूस राहतो तिथं बरोबरची, गेला तिथं फुली. फुलीखाली वहीतला नंबर. कोणाला दिसत नाही आणि आपलं घर चुकत नाही."

"हे कोणाला सांगितलं होतं?"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

---

कचेरीच्या आवारात भिंतीला टेकून तीन गाळे होते. एक चहाचा, एक तिकिटं-पाकिटांचा आणि तिसऱ्यावर पाटी, 'टायपिंग, झेरॉक्स, फॉर्म मिळतील'. वहिनी पुढे गेल्या. भाऊजींना समोर दिसेल ती पाटी वाचायची खोड होती, त्यामुळे ते भिंतीपाशी अडकले. 'थुंकू नये. आवारातील गाळे फक्त या वॉर्डाच्या मतदारयादीत नाव असणाऱ्यांनाच. दरवर्षी पडताळणी होईल. सायकली भिंतीला टेकवू नयेत.' बरोबर पाटीखाली एक सायकल टेकवलेली होती. भाऊजींना मनापासून राग आला.

टायपिस्ट पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. पँटच्या उजव्या पायाला सायकलची क्लिप तशीच. समोर बसलेलं गिऱ्हाईक सांगत होतं आणि याची बोटं त्याच्या पुढे धावत होती.

"प्लॉट नंबर छप्पन्न," गिऱ्हाईक म्हणालं.

"पासष्ट," टायपिस्ट मान वर न करता म्हणाला. "छप्पन्नावर शाळा आहे."

"अरेच्चा! हो की!"

"चूक टाइप होत नाही माझ्याकडून," टायपिस्ट म्हणाला. त्यात बढाई नव्हती, तक्रार असावी तसा सूर होता.

गिऱ्हाईक गेल्यावर वहिनींनी विचारलं, "मास्तरांचे अर्ज तुम्हीच केलेत ना?"

"मीच. वही समोर ठेवून. एकतीस."

"सिस्टरचं नाव होतं वहीत?"

त्यानं यंत्राचा रूळ फडक्यानं पुसला. "दिवसाला शंभर नावं बोटांखालून जातात, बाई. एक लक्षात राहील तर शपथ."

"सह्या कुठे झाल्या?"

"इथंच, या बाकावर. संध्याकाळी. मास्तर एकेक वाचत होते. तेवढ्यात वीज गेली, झेरॉक्स राहिले. म्हणाले, सकाळी नेतो. स्टेपलरनं टाचलेले अर्ज पेटीत ठेवले, कुलूप लावलं. सकाळी प्रती काढून वहीसकट त्यांच्या पिशवीत घातलं."

"लवकर यावं लागलं असेल तुम्हाला."

"आलो ना. आठला पुलावर हा वारा! सायकल चालवायची की धरून ठेवायची, कळेना." त्यानं आवाज खाली आणला. "बाई, मी कोणाचं वाईट बोलत नाही. पण ती पिशवी त्या खिडकीत चांगली दहा मिनिटं होती."

खिडकीतला कारकून गोलगरगरीत आणि वैतागलेला होता.

"मोजले एकतीस, शिक्का मारला एकतीस. आत कोणाचं नाव आहे ते वाचणं माझं काम नाही."

"मास्तरांच्या मागे रांगेत कोण होतं, आठवतं?"

"अध्यक्षांचा माणूस. तो रोजच कोणाच्या ना कोणाच्या मागे असतो."

"मूळ अर्ज बघू?"

कारकुनानं फाइल सरकवली. अर्ज छापील, दोन पानी. पहिल्यावर ज्याच्यावर हरकत त्याचं नाव, यादीतला क्रमांक आणि पत्ता टाइप केलेला. दुसऱ्यावर नुसती छापील प्रतिज्ञा आणि खाली सही. वहिनींनी एकोणिसावा अर्ज उजेडात धरला, मग अठरावा, मग विसावा. भाऊजींनीही डोकावून पाहिलं. वरच्या कोपऱ्यात स्टेपलरच्या पिनेची भोकं होती. अठराव्याच्या दोन्ही पानांना दोन-दोन. विसाव्याच्याही. एकोणिसाव्याच्या पहिल्या पानाला दोन आणि दुसऱ्याला चार.

"स्टेपलर आहे तुमच्याकडे?"

"मागून तीन वर्षं झाली," कारकून म्हणाला. "टाचण्यांवर भागवतो."

"त्या टायपिस्टाला बरीच वर्षं ओळखता?"

"अठरा वर्षं बघतोय."

"नाव काय त्यांचं?"

कारकुनानं खांदे उडवले. "मला सगळे कारकून म्हणतात, त्याला टायपिस्ट. नावं इथं फक्त यादीत असतात."

बाहेर येताना भाऊजींनी वहीत लिहिलं, 'कारकून. टाचण्या. फार बोलतो. संशयास्पद.'

अध्यक्षांनी त्यांना लगेच आत घेतलं. एवढ्या तत्परतेनं माणूस फक्त निर्दोष असला किंवा तयारीत असला तरच भेटतो, असं भाऊजींचं मत पडलं.

"सगळं गाव माझ्याकडेच बोट दाखवतंय, नाही का?" अध्यक्ष म्हणाले. "अहो, ती बाई यादीतून गेली तर लोक म्हणतील मी घाबरलो. मला तिला पाडायचंय, पुसायचं नाही. मतं मोजताना तिचा चेहरा बघायचाय मला."

"तुमचा माणूस मास्तरांच्या मागेच उभा होता."

"होता की. अर्जांत माझी माणसं किती, ते बघायला. सात निघाली." त्यांनी तोंड वाकडं केलं. "खरीच होती सातही. मास्तरांनी मला दोनदा गणितात नापास केलंय, बाई. त्यांचा हिशेब चुकत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?"

रस्त्यावर आल्याबरोबर भाऊजी म्हणाले, "लबाड आहे. फायदा त्याचा, माणूस त्याचा. आणखी काय हवंय?"

"फायदा त्यांचाच आहे," वहिनी म्हणाल्या. "ते सगळ्यांनाच दिसतंय. चला, तुमच्या गुडघ्यांना काम आहे."

---

अठराव्या अर्जातलं घर सुताराच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. विसाव्या अर्जातलं त्याच गल्लीच्या टोकाला. सिस्टरचं घर वॉर्डाच्या पार दुसऱ्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी.

"मास्तर शिस्तीचे," वहिनी म्हणाल्या. "गल्लीत शिरले, एक फुली मारली, मग अर्धा तास चालत टाकीपाशी गेले, फुली मारून परत इथंच आले? पटतंय तुम्हाला?"

भाऊजींना पटत नव्हतं, आणि पटत नसल्याची शिक्षा म्हणून त्यांना अकरा दारांपुढे वाकावं लागलं. बरोबरच्या खुणा, बरोबरच्या खुणा. एका घराच्या मागच्या अंगाला एक सुटी खोली होती, दाराला कुलूप. भाऊजी खाली बसले आणि बसलेच राहिले.

"वहिनी! फुली! खाली एकोणीस!"

बिजागरीजवळ, बोटभर उंचीची फुली होती. कुलूप जुनं, पण त्याला ताजं तेल होतं.

पुढच्या घरातून एक आजी कपडे वाळत घालायला बाहेर आल्या. "कोण हवंय? तिथं कोणी राहत नाही हो. पलीकडे गेले, नदीपल्याड. आठ वर्षं झाली. दोन मुली मोठ्या झाल्या, या एका खोलीत मावणार किती? महिन्यातून एकदा बापडा येतो, झाडतो, कुलपाला तेल घालतो आणि जातो. त्या म्हाताऱ्या मास्तरांनापण मी हेच सांगितलं."

"काय करतात ते?"

"कचेरीत आहे ना कामाला! सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा."

"नाव?"

"आम्ही आपलं बाबू म्हणायचो."

वहिनींनी पिशवीतून मतदारयादी काढली. त्या खोलीच्या नंबरापुढे एकच नाव होतं, क्रमांक सहाशे एकवीस. दोघांनीही ते कधी ऐकलं नव्हतं.

"कचेरीत कामाला!" गल्लीबाहेर पडताच भाऊजी म्हणाले. "मी सकाळीच लिहून ठेवलंय. कारकून!"

"तुमची वही जपून ठेवा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. "उद्या सुनावणीच्या आधी टायपिस्टाकडून एवढा एक हरकत अर्ज करून आणा. चिठ्ठीत आहे ते फक्त द्या. बोलू नका. एवढं जमेल?"

भाऊजींना जमलं. सकाळी टायपिस्टानं चिठ्ठी जरा जास्तच वेळ हातात धरली, मग कागद चढवला आणि एका दमात अर्ज केला. वहिनींनी त्यातली एकच ओळ वाचली आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

---

सुनावणीची खोली लहान होती. टेबलामागे अधिकारीबाई. समोर मास्तर, सिस्टर, अध्यक्ष. दारापाशी फाइल घेऊन कारकून. कोपऱ्यातल्या स्टुलावर यंत्र ठेवून टायपिस्ट बसला होता. कचेरीतले जबाब तोच टाइप करी.

"मास्तर," अधिकारीबाई म्हणाल्या, "हरकत तुमची आहे की नाही?"

मास्तर उभे राहिले. सिस्टरनं त्यांच्या कोटाची बाही धरली.

"उत्तर मी दिलं तर चालेल?" वहिनींनी विचारलं. "सही त्यांची आहे. हरकत त्यांची नाही."

यंत्राची टकटक सुरू झाली.

"अर्ज दोन पानी आहे. सही दुसऱ्या पानावर, आणि त्या पानावर कोणाचंच नाव नसतं. एकोणिसाव्या अर्जाच्या दुसऱ्या पानाला पिनेची चार भोकं आहेत, पहिल्याला दोन. म्हणजे सहीचं पान आधी दुसऱ्याच एका पानाला टाचलेलं होतं. ते काढलं, सिस्टरच्या नावाचं पान लावलं आणि पुन्हा टाचलं."

"आमच्याकडे स्टेपलर नाही," कारकून घाईघाईनं म्हणाला.

"म्हणून तुम्ही सुटलात. त्याहून मोठं कारण मास्तरांच्या घरात होतं. त्यांच्या झेरॉक्समध्येही सिस्टरचा अर्ज आहे. बाई, तुम्हाला तो मास्तरांविरुद्ध पुरावा वाटला. पण झेरॉक्स निघाल्या अर्ज कचेरीत येण्याआधी. मग अदलाबदलही त्याच्या आधीच झाली. खिडकी सुटली, रांग सुटली आणि रांगेतला अध्यक्षांचा माणूसही."

अध्यक्षांनी पाय लांब केले. भाऊजींनी आपल्या वहीतली एक ओळ हळूच खोडली.

"आता वही. सिस्टरवर बालंट आणायचं, एवढाच बेत असता तर वही चोरायची गरज काय होती? वहीत सिस्टरचं नाव नाही, हे मास्तर तोंडानं सांगतच होते. वही गेली ती तिच्यात नसलेल्या नावासाठी नाही. असलेल्या नावासाठी. सगळे विचारत होते, सिस्टरचा अर्ज आत आला कसा? मी विचारलं, बाहेर कोणाचा गेला? मास्तर मोजून देणारे. एक काढला की एक घालणं भाग होतं. आणि सिस्टरचं नाव घातलं की सगळं गाव अध्यक्षांकडे बघणार, हेही ठरलेलं."

टकटक चालू होती, पण संथ झाली होती.

"अठरावं घर आणि विसावं घर एकाच गल्लीत आहेत. मधल्या एका दारावर मास्तरांची फुली आहे, खाली एकोणीस. तो माणूस आठ वर्षांपूर्वी नदीपलीकडे गेला. खोली ठेवली, नाव ठेवलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, कचेरीत कामाला आहे. पण कचेरीत कामाला असलेले सगळेच कचेरीच्या आत बसत नाहीत. आवारातले गाळे फक्त वॉर्डाच्या मतदारांना मिळतात. भाऊजींनी पाटी वाचली होती."

"वाचली होती," भाऊजी म्हणाले. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"तिथं एक माणूस सकाळी पुलावरून सायकलनं येतो. अर्ज त्याच्या पेटीत कुलपात होते. कोरे फॉर्म त्याच्याकडे, यंत्र त्याच्याकडे, स्टेपलर त्याच्याकडे. सिस्टरच्या उमेदवारीचे कागदही त्यानंच टाइप केलेत, म्हणजे तिचा क्रमांकही त्याच्याकडे. तो मला म्हणाला, एक नाव लक्षात राहत नाही." वहिनींनी पर्समधून कागद काढला. "आज सकाळी त्या खोलीच्या नावानं मी त्याच्याकडून एक अर्ज करून घेतला. चिठ्ठीत यादीचा क्रमांक मुद्दाम चुकीचा दिला, सहाशे बारा. टाइप होऊन आलाय सहाशे एकवीस. याद्या त्याच्या गाळ्यावर नसतात. न बघता माणूस एकच क्रमांक दुरुस्त करू शकतो, स्वतःचा."

टकटक थांबली.

टायपिस्ट बोटं कळांवर ठेवून बसला होता. "चिठ्ठी वाचली तेव्हाच समजलो होतो," तो म्हणाला. "क्रमांक तेवढा हातानं आपला आपणच मारला."

"पण अहो," मास्तरांना अजून उमगत नव्हतं, "तुमचंच नाव होतं तर तुम्ही टाइप तरी का केलंत?"

"तुम्ही मोजता, मास्तर. वाचताही. एकतीस नावं तुम्ही बाकावर बसून वाचलीत. माझं वाचलंत, खूण केलीत आणि मला म्हणालात, 'हा महाभाग कुठे गेला, कोणास ठाऊक.' मीही म्हणालो, कोणास ठाऊक." त्यानं मान खाली घातली. "नाव गेलं की गाळा गेला. अठरा वर्षं तेवढंच येतंय मला. सिस्टर, माझं काही वाकडं नव्हतं तुमच्याशी. तुमचं नाव पटकन खपलं असतं, एवढंच."

सिस्टर त्याच्याकडे बघत राहिली. "माझं जाऊ दे," ती म्हणाली. "यांचे हात कापायला लागलेत चार दिवसांत. ते बघवत नाही मला."

टायपिस्टानं यंत्राच्या झाकणाखालून निळी वही काढून टेबलावर ठेवली.

"फाडली का नाहीत?" वहिनींनी विचारलं.

"बाकीची तीस खरी होती."

अधिकारीबाईंनी चष्मा पुसला. सिस्टरवरची हरकत रद्द, तिचं नाव कायम. मास्तरांवर काही नाही, तीस हरकती उभ्या. टायपिस्टावर काय कारवाई करायची, ते त्याचा जबाब घेऊन ठरवू. मग त्यांनी वहिनींनी आणलेला अर्ज मास्तरांपुढे सरकवला. "आणि हा खरा एकोणिसावा. सही केलीत तर घेते. नाही केलीत तर मी काही विचारणार नाही."

भाऊजींनी आपली वही मिटून खिशात ठेवली.

मास्तर टायपिस्टाकडे वळले. "किती वर्षं ओळखतो आपण एकमेकांना?"

"पहिल्यापासून. अठरा."

"आणि मी कधी विचारलंच नाही. काय हो नाव तुमचं?"

"एकोणीस नंबरला आहे, मास्तर. तुमच्याच अक्षरात."

मास्तरांनी वही उघडली. त्या ओळीवर बोट ठेवून नाव वाचलं, मोठ्यानं आणि पूर्ण, हजेरी घेताना वाचावं तसं. टायपिस्ट नकळत उभा राहिला.

मग मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं. डोळे भरून आले होते, त्यामुळे पान त्यांना नीट दिसत नव्हतं. ते अर्जाच्या पहिल्याच पानावर, नावाच्या खाली सही करू लागले.

टायपिस्ट स्टुलावरून पुढे आला. त्यानं पान उलटलं आणि बोटानं रिकामी ओळ दाखवली.

"तिथं नाही, मास्तर," तो म्हणाला. "इथं."